घरची दुरुस्ती आणि उद्योगाचा ऱ्हास : ब्रिटिश दुहेरी सिलिंडर मोटरसायकलच्या इंजिनातील घरगुती दोषशोधनाचा ऐतिहासिक अभ्यास (१९३७ ते १९८३)

सारांश

इ. स. १९३७ मध्ये कॉव्हेंट्री येथील ट्रायम्फ कंपनीने ‘स्पीड ट्विन’ ही मोटरसायकल बाजारात आणली. तेव्हापासून सुमारे चार दशके दोन समांतर सिलिंडर असलेले इंजिन ही ब्रिटिश मोटरसायकल उद्योगाची ओळख राहिली. या इंजिनातील बिघाड शोधणे व दूर करणे हे काम बहुतांशी मालक स्वतः घरी करीत असे. प्रस्तुत लेखात या घरगुती दोषशोधनाची पद्धती, तिची सामाजिक कारणे व उद्योगाच्या ऱ्हासाशी असलेला तिचा संबंध यांचा विचार करण्यात आला आहे. मालकाचे कौशल्य हे उद्योगाचे अदृश्य भांडवल होते, त्या भांडवलावर विसंबल्यामुळे रचनेतील दोष दूर करण्याची निकड उद्योगास वेळेवर जाणवली नाही. मात्र त्याच कौशल्यामुळे उद्योग बंद पडल्यानंतरही ही यंत्रे टिकून राहिली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : दुहेरी सिलिंडर इंजिन, दोषशोधन, घरगुती दुरुस्ती, ट्रायम्फ, औद्योगिक ऱ्हास, दुरुस्तीचा हक्क.

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास हा बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. यंत्र कोणी निर्माण केले, केव्हा केले, त्याचे पेटंट कोणास मिळाले याची नोंद होते. परंतु ते यंत्र पुढे कोणी चालते ठेवले, याची नोंद क्वचितच होते. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात या एकांगीपणाकडे लक्ष वेधले. नवनिर्मितीइतकेच वापर, देखभाल व दुरुस्ती हे विषयही इतिहासाच्या कक्षेत आले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह आहे.

ब्रिटिश मोटरसायकल उद्योगाच्या ऱ्हासावर विपुल लेखन झाले आहे. अभियंता बर्ट हॉपवुड यांनी १९८१ मध्ये आपल्या अनुभवाच्या आधारे या ऱ्हासाची मीमांसा केली. त्यापूर्वी १९७५ मध्ये बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपने ब्रिटिश सरकारसाठी सविस्तर अहवाल तयार केला होता. या लेखनाचा भर व्यवस्थापन, गुंतवणूक, उत्पादनक्षमता व जपानी स्पर्धा यांवर आहे. घरामागील शेडमध्ये दिव्याच्या उजेडात इंजिन उघडून बसलेला मालक या चर्चेच्या कडेलाच राहतो. त्याला चर्चेच्या मध्यभागी आणण्याचा हा प्रयत्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. दुहेरी सिलिंडर इंजिनातील घरगुती दोषशोधनाच्या पद्धतीचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. ही पद्धती ब्रिटनमध्ये रुजण्यामागील सामाजिक व आर्थिक कारणांचा शोध घेणे.
३. घरगुती दुरुस्तीची परंपरा व उद्योगाचा ऱ्हास यांतील परस्परसंबंध तपासणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखात वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. यंत्राची रचना हेच येथे एक ऐतिहासिक साधन मानले आहे. कोणता भाग कोठे बसविला आहे, तो कोणत्या पान्याने सुटतो आणि तो बिघडला असता त्याची खूण कोठे उमटते, यावरून निर्मात्याने मालकाकडून कोणती अपेक्षा केली होती हे वाचता येते.

१. दुहेरी सिलिंडर इंजिनाचा उदय

‘स्पीड ट्विन’चे रचनाकार एडवर्ड टर्नर होते. तिचे इंजिन ४९८ घन सेंटिमीटर क्षमतेचे असून सिलिंडरचा व्यास ६३ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ८० मिलिमीटर होता. दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर जात व एकाच वेळी खाली येत. परंतु स्फोट मात्र आळीपाळीने, क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यास एक याप्रमाणे होत असे. त्यामुळे शक्ती समान अंतराने मिळत असे आणि एक सिलिंडरच्या इंजिनापेक्षा गाडी अधिक सफाईने चाले. इंजिन आकारानेही आटोपशीर होते.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्रीवर झालेल्या जर्मन बॉम्बहल्ल्यात ट्रायम्फचा कारखाना उद्ध्वस्त झाला. १९४२ मध्ये मेरिडन येथील नव्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले. युद्धानंतर १९४६ ते १९४९ या काळात बीएसए, नॉर्टन, एरिअल, मॅचलेस व रॉयल एनफिल्ड या कंपन्यांनीही दुहेरी सिलिंडरच्या गाड्या आणल्या. ट्रायम्फने क्षमता वाढवीत ६४९ घन सेंटिमीटरची ‘थंडरबर्ड’, १९५९ मध्ये दोन कार्बोरेटरची ‘बॉनव्हिल’ आणि १९७३ मध्ये ७५० वर्गातील ‘बॉनव्हिल’ बाजारात आणली.

या प्रवासात एक बाब लक्षणीय आहे. क्षमता व वेग वाढत गेले, परंतु मूळ आराखडा तोच राहिला. दोन्ही पिस्टन एकत्र वरखाली होत असल्याने इंजिनाचे कंपन एक सिलिंडरच्या इंजिनासारखेच होते. पाचशेच्या इंजिनात ते सुसह्य होते. साडेसहाशे व साडेसातशेच्या इंजिनात ते नटबोल्ट सैल करू लागले, दिव्यांच्या तारा तोडू लागले. क्रँककेस मधोमध उभी विभागलेली असल्याने तिच्या सांध्यातून तेल झिरपणे हाही नित्याचा अनुभव झाला. बिघाडाचे मूळ अशा रीतीने रचनेतच होते. त्याचे निवारण मात्र मालकाकडे सोपविलेले होते.

२. घर हीच कार्यशाळा

युद्धोत्तर ब्रिटनमध्ये मोटरसायकल ही हौसेची वस्तू नव्हती. मोटारगाडी न परवडणाऱ्या कामगाराचे ते रोजचे वाहन होते. बाजूला साइडकार जोडून सारे कुटुंब तीतून प्रवास करीत असे. पेट्रोलचे रेशनिंग मे १९५० पर्यंत चालू होते आणि ‘पूल पेट्रोल’ या नावाने मिळणारे हलक्या प्रतीचे सामायिक इंधन १९५३ पर्यंत वापरावे लागले. अशा इंधनावर इंजिन ठोके देई, सिलिंडरच्या माथ्यावर काजळी साचे आणि काही हजार मैलांनंतर हेड उतरवून ती खरवडावी लागे. हे काम दर वेळी गॅरेजमध्ये करून घेणे पगारदार माणसास परवडणारे नव्हते.

कौशल्याचा पुरवठाही मुबलक होता. दुसऱ्या महायुद्धात असंख्य तरुणांना सैन्यात वाहने चालविण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण मिळाले. त्यानंतर १९४९ पासून लागू झालेल्या सक्तीच्या राष्ट्रीय सेवेने ही परंपरा पुढे चालविली. तिची अखेरची तुकडी १९६३ मध्ये सेवामुक्त झाली. कॉव्हेंट्री, बर्मिंगहॅम यांसारख्या औद्योगिक शहरांत तर लेथवर काम करणारा शेजारी गल्लोगल्ली होता.

या कौशल्यास छापील साहित्याची जोड मिळाली. ‘द मोटर सायकल’ आणि ‘मोटर सायकलिंग’ या साप्ताहिकांतून देखभालीविषयीचे लेख येत. पिटमन या प्रकाशनसंस्थेने निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तके काढली. १९६६ मध्ये हेन्स यांची पहिली दुरुस्तीपुस्तिका एका मोटारगाडीसाठी निघाली आणि पुढील दशकात मोटरसायकलींच्या पुस्तिकाही प्रसिद्ध झाल्या. कंपनी गाडीसोबत पान्यांचा संच व सूचनापुस्तिका देत असे. झडपांचे अंतर तपासणे, ठिणगीचे टायमिंग जुळविणे ही कामे मालक स्वतः करील, असे या साहित्यात गृहीत धरलेले होते.

अर्थात हे ज्ञान सर्वांसाठी सारखे खुले नव्हते. शेड ही प्रामुख्याने पुरुषांची जागा होती. बिअट्रिस शिलिंग यांच्यासारखी स्त्री अभियंता नॉर्टन मोटरसायकलवर शर्यती जिंकत होती आणि महायुद्धात लढाऊ विमानांच्या कार्बोरेटरमधील दोषावर उपाय शोधत होती. परंतु तिचे उदाहरण अपवादात्मकच राहिले.

३. दोषशोधनाची पद्धती : एका सिलिंडरची दुसऱ्याशी तुलना

दुहेरी सिलिंडर इंजिनाचे एक वैशिष्ट्य दोषशोधनाच्या दृष्टीने मोलाचे आहे. एक सिलिंडरचे इंजिन बंद पडले की ते पूर्ण बंद पडते. तुलनेसाठी काहीच उरत नाही. दुहेरी इंजिनात मात्र एक सिलिंडर बिघडला तरी दुसरा बहुधा चालू राहतो. चालणारा सिलिंडर हा बिघडलेल्याची कसोटी ठरतो. प्रयोगशाळेत ज्यास नियंत्रित तुलना म्हणतात, ती येथे यंत्रातच अंतर्भूत आहे.

जाणकार मालक प्रथम कोणता सिलिंडर चालत नाही हे निश्चित करी. इंजिन सुरू केल्यानंतर थोड्या वेळाने दोन्ही एक्झॉस्ट नळ्यांवर पाण्याचा थेंब टाकला असता तापलेल्या नळीवर तो चटकन उडून जाई. थंड नळीवर तसाच राही. थंड नळीचा सिलिंडर दोषी. दुसरा मार्ग म्हणजे एकेका प्लगची वायर काळजीपूर्वक काढून पाहणे. वायर काढल्यावर इंजिनाची गती मंदावली तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही तर तो आधीपासूनच निकामी होता.

दुसरी पायरी प्लगच्या निरीक्षणाची. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन योग्य; कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल अधिक; पांढरट असेल तर मिश्रण पातळ किंवा उष्णता अधिक; तेलकट ओलसर असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा झडपांच्या मार्गिका झिजल्याचा संशय. त्यानंतर दोन प्लगांची अदलाबदल केली जाई. दोष प्लगसोबत दुसऱ्या बाजूस गेला तर प्लगच खराब. दोष मूळ जागीच राहिला तर प्लग निर्दोष. हीच युक्ती पुढे वायर, कॉइल व कंडेन्सर यांनाही लागू पडे. एका वेळी एकच भाग बदलावयाचा, हा या पद्धतीचा मुख्य नियम होता. घाईने तीन भाग एकदम बदलणाऱ्याची गाडी कदाचित सुरू होई, परंतु ती का सुरू झाली हे त्याला कळत नसे, आणि तोच बिघाड पुन्हा उद्भवला की त्याला पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागे.

तिसरी पायरी दाबाची. एकेक प्लग आळीपाळीने काढून किक हाताने दाबली असता प्रत्येक सिलिंडरचा विरोध हाताला स्वतंत्रपणे जाणवे. एका बाजूचा विरोध कमी असेल तर झडप नीट बसत नाही किंवा रिंगा झिजल्या आहेत, असा निष्कर्ष निघे. ‘बॉनव्हिल’मध्ये थंड इंजिनावर आत घेणाऱ्या झडपेचे अंतर ०.००२ इंच व बाहेर टाकणाऱ्या झडपेचे ०.००४ इंच ठेवावे लागे. म्हणजे कागदाच्या जाडीइतक्या किंवा त्याहून कमी अंतराचा हा व्यवहार होता, आणि तो कारखान्यातील तंत्रज्ञाकडून नव्हे, तर दिवसभराचे काम आटोपून घरी आलेल्या माणसाकडून अपेक्षित होता.

४. रचनेतील बदल आणि दोषशोधनाचे तर्कशास्त्र

यंत्राची रचना बदलली की दोष शोधण्याचा तर्कही बदलतो. या दृष्टीने ट्रायम्फच्या इंजिनाची तीन स्थित्यंतरे अभ्यासण्याजोगी आहेत.

पहिले स्थित्यंतर मॅग्नेटोशी संबंधित आहे. १९५० च्या दशकातील अनेक ब्रिटिश दुहेरी इंजिनांत लुकास कंपनीचा ‘के २ एफ’ मॅग्नेटो असे. बॅटरीशिवाय ठिणगी निर्माण करणाऱ्या या यंत्रात दोन्ही सिलिंडरांसाठी वेटोळे एकच, कंडेन्सर एकच आणि ठिणगी तोडणारा पॉइंटही एकच होता. त्यामुळे एकच सिलिंडर बंद पडला असता वेटोळे व कंडेन्सर यांना सहज निर्दोष ठरविता येई. दोष प्लग, वायर किंवा ठिणगी उचलणाऱ्या कार्बन ब्रशमध्ये शोधावा लागे. याउलट गाडी थंड असताना उत्तम चालत असेल आणि तापल्यावर दोन्ही बाजूंनी अडखळत असेल, तर संशय आर्मेचरमधील कंडेन्सरवर जाई. पॉइंट उघडणारी कॅम रिंग असमान झिजली तर दोन सिलिंडरांची ठिणगी वेगवेगळ्या क्षणी पडे. हा दोष डोळ्यांना दिसत नसे, मोजूनच कळे.

दुसरे स्थित्यंतर कार्बोरेटरचे. ‘स्पीड ट्विन’मध्ये दोन्ही सिलिंडरांना एकच कार्बोरेटर इंधन पुरवीत असे. त्यामुळे एकाच बाजूचा बिघाड असेल तर कार्बोरेटरकडे शेवटी पाहिले तरी चाले. १९५९ च्या ‘बॉनव्हिल’ने प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र ॲमल कार्बोरेटर दिला. वेग वाढला, परंतु दोन कार्बोरेटरांच्या केबल, सरकझडपा व मंद गतीचे स्क्रू एकमेकांशी जुळविण्याचे काम मालकाच्या वाट्यास आले. ते न जुळल्यास गाडी मंद गतीवर अडखळे आणि अननुभवी मालक विजेच्या भागांत दोष शोधत बसे.

तिसरे स्थित्यंतर १९६३ चे. या वर्षी ६५० वर्गातील ट्रायम्फमध्ये इंजिन व गिअरपेटी एकत्र करण्यात आली आणि मॅग्नेटोऐवजी दोन स्वतंत्र कॉइल, दोन पॉइंट व दोन कंडेन्सर आले. प्रत्येक सिलिंडरची विद्युत व्यवस्था वेगळी झाल्याने अदलाबदलीची युक्ती अधिक उपयुक्त ठरली. मात्र लुकासच्या ‘४ सीए’ या पॉइंटच्या तबकडीवर दोन्ही सिलिंडरांचे टायमिंग स्वतंत्रपणे जुळविण्याची सोय नव्हती. एका बाजूस ठिणगी वेळेवर पडे. दुसऱ्या बाजूस ती लवकर पडली तर त्या सिलिंडरचा पिस्टन अतिउष्णतेने वितळून त्यास छिद्र पडण्याचा धोका असे. स्वतंत्र जुळणीची सोय असलेली ‘६ सीए’ तबकडी १९६८ मध्ये आली. तोपर्यंत पाच वर्षे मालक पॉइंटमधील अंतर थोडे कमीजास्त करून ही उणीव भरून काढीत होता.

हे उदाहरण प्रस्तुत लेखाच्या प्रतिपादनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. येथे दोष झिजेचा नव्हता, हयगयीचा नव्हता. तो आराखड्यातील होता. तरीही त्याचे निवारण घराघरांतून फिलर गेज व अंशमापक तबकडीच्या साहाय्याने होत राहिले.

५. मालकाचे श्रम : उद्योगाचे अदृश्य भांडवल

वरील विवेचनावरून असे दिसते की, कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी ही एका अर्थाने अपूर्ण वस्तू होती. ती पूर्ण करण्याचे काम मालकाच्या शेडमध्ये होत असे. या श्रमांचे मूल्य कोणत्याही ताळेबंदात लिहिले गेले नाही. गाडीची किंमत आटोक्यात राहत होती, जुनी यंत्रसामग्री व जुने साचे वापरात ठेवता येत होते आणि तेल झिरपण्याच्या तक्रारीचे रूपांतर विनोदात होत होते. लुकास कंपनीच्या दिव्यांवरून प्रचलित झालेले विनोद हे याचेच द्योतक होत. तक्रारीचा विनोद झाला की तिची धार बोथट होते.

येथे मालकाची फसवणूक झाली असे म्हणणे मात्र एकांगी ठरेल. या श्रमांतून त्यास बचत, कौशल्य व प्रतिष्ठा मिळत होती. आपली गाडी आपणच ओळखतो, ही भावना त्याच्या स्वाभिमानाचा भाग होती. प्रश्न त्याच्या समाधानाचा नाही. त्याच्या समाधानाचा उद्योगाने कोणता अर्थ लावला, हा आहे. ग्राहक दुरुस्ती करतो म्हणजे त्याला दुरुस्ती आवडते, आणि त्याला ती आवडते म्हणजे दोष राहिले तरी चालतील, अशा क्रमाने जाणारा विचार घातक ठरणार होता.

६. नव्या ग्राहकाचे आगमन

१९५० च्या दशकाच्या अखेरीस परिस्थिती बदलली. ऑगस्ट १९५९ मध्ये सुमारे ५०० पौंडांना ‘मिनी’ ही मोटारगाडी बाजारात आली आणि साइडकारमधील कुटुंब मोटारीत जाऊन बसले. १९६० मध्ये वाहनांची सक्तीची तपासणी सुरू झाल्याने जुन्या गाडीवरील घरच्या दुरुस्तीस बाहेरच्या परीक्षकाची संमती आवश्यक झाली. १९६१ मध्ये शिकाऊ चालकांवर २५० घन सेंटिमीटरची मर्यादा आली. सक्तीची राष्ट्रीय सेवा संपल्याने सैन्यात यंत्रशिक्षण घेतलेल्या तरुणांचा ओघही थांबला.

याच सुमारास जपानची होंडा कंपनी दुहेरी सिलिंडरच्याच गाड्या घेऊन पुढे आली. २४७ घन सेंटिमीटरची ‘सीबी ७२’ व त्यापाठोपाठ ३०५ घन सेंटिमीटरची ‘सीबी ७७’ यांत क्रँककेस आडवी विभागलेली होती. सांधा तेलाच्या पातळीच्या वर राहिल्याने झिरपण्याचा प्रश्न मुळातच कमी झाला. एक पिस्टन वर असताना दुसरा खाली येत असल्याने कंपनाचे स्वरूप बदलले. बटण दाबताच इंजिन सुरू होण्याची सोय होती. मोठ्या दुहेरी सिलिंडरच्या ब्रिटिश गाडीत ही सोय नॉर्टनने १९७५ मध्ये व ट्रायम्फने १९८० मध्ये दिली.

एडवर्ड टर्नर यांनी १९६० मध्ये जपानला भेट देऊन तेथील कारखान्यांविषयी अहवाल सादर केला होता. धोक्याची जाणीव अगदीच नव्हती असे नाही. परंतु लहान जपानी गाड्यांवर शिकलेला तरुण पुढे मोठ्या ब्रिटिश गाडीकडे वळेल, असा समज उद्योगात प्रचलित होता. बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या अहवालाने दाखवून दिल्याप्रमाणे प्रत्यक्षात ब्रिटिश कंपन्या एकेक वर्ग सोडत मोठ्या गाड्यांकडे माघार घेत गेल्या. १९६९ मध्ये चार सिलिंडरची ‘सीबी ७५०’ आली आणि माघारीसही जागा उरली नाही.

१९६० च्या दशकात ब्रिटिश मोटरसायकलींची मोठी बाजारपेठ अमेरिका ही होती. तेथील ग्राहक मेरिडनपासून हजारो मैल दूर होता. त्याच्या गल्लीत कॉव्हेंट्रीचा कामगार राहत नव्हता. दुरुस्तीकडे पाहण्याच्या दोन वृत्ती तेथे स्पष्टपणे समोरासमोर आल्या. रॉबर्ट पिर्सिग यांचे १९७४ चे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हे पुस्तक या संदर्भात अर्थपूर्ण आहे. त्याचा आधार असलेला १९६८ मधील प्रवास पिर्सिग यांनी होंडा ‘सीबी ७७’वर केला, तर त्यांचे सहप्रवासी मित्र बीएमडब्ल्यू गाडीवर होते. दोन्ही गाड्या दुहेरी सिलिंडरच्या. स्वतः दुरुस्ती करणारा निवेदक आणि यंत्राच्या अंतरंगात शिरू न इच्छिणारा मित्र यांच्यातील तणाव हा या पुस्तकाचा एक प्रमुख धागा आहे. काही काळ बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेतलेल्या या लेखकाने दुरुस्तीस चिंतनाचा दर्जा दिला. परंतु बाजारपेठेचा कल त्या मित्राच्या बाजूने होता. यंत्र चालावे, त्याची चिंता करावी लागू नये, ही नव्या ग्राहकाची अपेक्षा होती व ती गैर म्हणता येत नाही.

१९७३ मध्ये बीएसए समूह कोसळला आणि नॉर्टन व्हिलिअर्स ट्रायम्फ ही कंपनी अस्तित्वात आली. त्याच वर्षी मेरिडन कारखाना बंद करण्याच्या घोषणेविरुद्ध कामगारांनी कारखान्याचा ताबा घेतला. १९७५ मध्ये सरकारी साहाय्याने तेथे कामगारांची सहकारी संस्था स्थापन झाली व ‘बॉनव्हिल’चे उत्पादन चालू राहिले. १९८३ मध्ये ही संस्थाही बंद पडली.

७. प्रतिपादनाच्या मर्यादा

घरगुती दुरुस्तीमुळे उद्योग बुडाला, असे सरळ कार्यकारण येथे सुचवावयाचे नाही. अपुरी गुंतवणूक, व्यवस्थापनातील मतभेद, जुनी यंत्रसामग्री व देशांतर्गत बाजारपेठेचा संकोच ही कारणे सर्वमान्य आहेत. तसेच जपानी गाड्यांनाही पॉइंट व झडपांची नियमित जुळणी लागत असे. त्या दुरुस्तीमुक्त नव्हत्या. प्रस्तुत मुद्दा मर्यादित आहे. दोषांची किंमत ग्राहक श्रमांच्या रूपाने भरीत असल्यामुळे त्या दोषांची जाणीव कारखान्यापर्यंत पूर्ण तीव्रतेने पोहोचली नाही. जेव्हा हे श्रम करू न इच्छिणारा ग्राहक आला, तेव्हा ती थकबाकी एकदम वसुलीस निघाली.

८. १९८३ नंतर : ज्ञानाचे जतन

कारखाना बंद झाला, तरी गाड्या बंद पडल्या नाहीत. १९४६ मध्ये स्थापन झालेला ‘व्हिंटेज मोटर सायकल क्लब’ व अन्य मालक-संघटना यांनी सुटे भाग व माहिती यांची देवाणघेवाण चालू ठेवली. स्वतंत्र उत्पादकांनी सुटे भाग तयार केले. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून अनेक मालकांनी टायमिंगच्या जुन्या कटकटीतून मुक्तता मिळविली. सप्टेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल प्रमाण इंधन म्हणून विकले जाऊ लागले. त्याचा जुन्या रबरी नळ्या व फायबरच्या टाक्यांवर होणारा परिणाम हा घरगुती दोषशोधनातील नवा अध्याय आहे. जी यंत्रे निर्मात्याने सोडून दिली, ती मालकांनी जिवंत ठेवली. हे शक्य झाले, कारण ती उघडता येत होती.

या इतिहासाचा भारताशी व महाराष्ट्राशीही संबंध आहे. बीएसए हे नाव २०१६ मध्ये महिंद्र समूहाशी संबंधित कंपनीकडे आले आणि २०२० मध्ये नॉर्टन टीव्हीएसने विकत घेतली. १९९१ पासून हिंकली येथे नव्याने उत्पादन करणाऱ्या ट्रायम्फने पुण्याच्या बजाज ऑटोशी भागीदारी केली व २०२३ मध्ये ‘स्पीड ४००’ ही गाडी आणली. तिचे उत्पादन पुण्याजवळील चाकण येथे होते. ही गाडी एक सिलिंडरची असून तिचे ज्वलन संगणकीय नियंत्रणाखाली चालते. ‘स्पीड’ हा शब्द उरला. पॉइंट, मॅग्नेटो व त्यांच्यासोबतचे घरगुती तर्कशास्त्र उरले नाही.

निष्कर्ष

१. दुहेरी सिलिंडर इंजिनाच्या रचनेमुळे तुलनेवर आधारित, एका वेळी एकच घटक बदलणारी दोषशोधनाची पद्धती सामान्य मालकास आत्मसात करता आली. ती औपचारिक शिक्षणाबाहेर विकसित झालेली, परंतु शास्त्रीय स्वरूपाची पद्धती होती.

२. युद्धोत्तर टंचाई, सैनिकी प्रशिक्षण, औद्योगिक शहरांतील कारागिरी व स्वस्त मार्गदर्शक साहित्य या कारणांनी ही परंपरा ब्रिटनमध्ये रुजली; ही कारणे १९६० च्या दशकात क्षीण झाली.

३. मालकाच्या विनामोबदला श्रमांनी रचनेतील दोष झाकले गेले. उद्योगाने या श्रमांस ग्राहकाची कायमची आवड मानले, ही त्याची एक मूलभूत चूक होती.

४. दुरुस्तीची आवश्यकता आणि दुरुस्तीची शक्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत. जपानी उद्योगाने आवश्यकता कमी करून बाजारपेठ जिंकली. ब्रिटिश गाड्या शक्यतेमुळे टिकल्या.

शेवटचा निष्कर्ष वर्तमानकाळासही लागू पडतो. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरविण्यासाठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांच्याबरोबर वाहनांचाही विचार तीत करण्यात आला. आजचे वाहन क्वचित बिघडते. पण बिघडले असता मालकास त्याचे झाकण उघडण्याचाही अधिकार किंवा साधन बहुधा नसते. दोष ग्राहकाच्या माथी मारणारा उद्योग टिकत नाही, हे मेरिडनच्या इतिहासाने दाखविले. त्याच इतिहासाने हेही दाखविले की, उत्पादक नाहीसा झाल्यानंतर यंत्राचा वाली त्याचा मालकच असतो. म्हणून वाहन निर्दोष असावे आणि ते उघडताही यावे, या दोन्ही मागण्या एकत्रच केल्या पाहिजेत.